गमतीचे चार्ट बंद करू नका, फक्त टक्के शंभर भरू द्या

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, कापायचं तर मधून कापा पण शेवटचा परिच्छेद ठेवा. मी नागपूरच्या महाल भागात फ्लेक्सचं दुकान चालवतो, वाढदिवस, श्रद्धांजली, दहावी-बारावीचे निकाल, रसवंतीचं उद्घाटन, सगळे बोर्ड आपल्याकडे होतात, आणि रविवारचा पेपर मी पुरवणीपासून वाचतो, मुख्य अंक नंतर. तर मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत तो गोल चार्ट आला होता ना, 'लग्नाला गेल्यावर आपला वेळ कुठे जातो', त्याबद्दल लिहून राहिलो.

चार्ट भारी होता. जेवणाच्या रांगेत ३५ टक्के, स्टेजवर चढून फोटो काढायची वाट पाहण्यात ३०, चप्पल शोधण्यात २५ आणि प्रत्यक्ष लग्न पाहण्यात २०. आमच्या घरी तर्री पोह्याची प्लेट हातात धरून सगळे हसले, बायको म्हणाली चप्पल २५ कमी आहे, तिच्या मावसबहिणीच्या लग्नात हिला एका पायात कोणाची तरी आणि एका पायात स्वतःची घालून यावं लागलं होतं. आणि मग आठवीतलं आमचं पोट्टं म्हणालं, पप्पा, हे तर एकशेदहा झाले.

मी बेरीज केली. खरंच एकशेदहा.

आता पोट्ट्याला जोर चढला. कंपासपेटी आणली, कोनमापक काढला आणि तुमच्या पुरवणीवरच ठेवला. शाळेच्या भाषेत याला वृत्तालेख म्हणतात, एक टक्का म्हणजे ३.६ अंश, म्हणजे २० टक्क्याची फोड ७२ अंशाची पाहिजे आणि २५ टक्क्याची ९० ची, बरोबर काटकोन. तुमच्या चार्टात लग्नाची २० वाली फोड ९५ च्या आसपास भरली आणि चपलेची २५ वाली जेमतेम ७०. म्हणजे आकडा एक सांगून राहिला, चित्र दुसरंच. पोट्ट्याने पेनने पेपरवर 'चूक' असं लिहून खाली वळणदार सही केली, त्याचे गणिताचे सर करतात तशी.

मी म्हटलं जाऊ दे, गमतीचा चार्ट आहे. पण बुधवारी तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकांचं पत्र पाहिलं की हा सगळा पोरकटपणा आहे, पाश्चात्त्य फॅड आहे, पेपरची जागा वाया जाते, हे चार्ट ताबडतोब बंद करा. तेव्हा मात्र राहवलं नाही. साहेब, बंद करू नका. उलट दर रविवारी द्या. पण काढा बरोबर. त्या वाचकांना वाटतं की गंमत आहे म्हणून ते छापू नये आणि तुमच्या आर्टिस्टला वाटतं की गंमत आहे म्हणून कसंही चालतं, दोघंही एकाच ठिकाणी चुकून राहिले असं माझं म्हणणं.

माझं म्हणणं मी कशावरून म्हणतो ते सांगतो, त्यात माझीही चोरी उघडी पडणार आहे. दोन वर्षांपूर्वी एका क्लासचे सर निकालाचा बोर्ड करायला आले. तीन वर्षांचा निकाल, ९१ टक्के, ९२ टक्के आणि ९४ टक्के. मी कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन डंडे काढले, खालून शून्यापासून, सरळ. सर स्क्रीनकडे पाहत राहिले. म्हणाले, भाऊ, हे तर तिन्ही सारखेच दिसून राहिले, मग लोकाले समजंल कसं की आपण पुढं चाल्लो. मी म्हटलं सर सारखेच आहेत ना, तीन टक्क्याचा फरक आहे. तर म्हणे खालचं कापून टाक, नव्वदपासून चालू कर. केलं. आता पहिला डंडा एक इंच, दुसरा दोन इंच, तिसरा चार इंच. ९४ हा ९१ च्या चौपट दिसायला लागला. सर खूश, वर एक रॉकेट पण टाकायला लावलं. दहा बाय वीसचा बोर्ड लागला चौकात, महिनाभर होता, आईबाप गाड्या थांबवून पाहायचे, आणि एकाही माणसाने पेपरला पत्र लिहिलं नाही की हा पोरकटपणा आहे. लग्नाच्या चपलेवर मात्र लगेच पत्र.

मी पैसे घेतले, म्हणून त्या सरांना एकट्याला दोष देत नाही. पण तेव्हापासून पेपरात, टीव्हीवर, मोबाईलवर कोणताही चार्ट आला की माझी नजर पहिले खाली जाते, डंडा कुठून उगवला ते पाहायला.

दुसरी चोरी क्षेत्रफळाची, ती तर आमच्या धंद्यातला माणूसच पकडू शकतो. फ्लेक्सचा हिशेब स्क्वेअर फुटावर असतो. दोन बाय तीनचा बोर्ड म्हणजे सहा फूट. गिऱ्हाईक म्हणते, डबल साईज करून दे. चार बाय सहा केला तर झाले चोवीस फूट, बिल चौपट. मग काउंटरवर भांडण, 'मी डबल म्हटलो होतो, तुम्ही चौपट लावून राहिले'. आठवड्यातून एकदा तरी होतं हे, आता मी काउंटरमागे सहा खोक्यांचा आणि चोवीस खोक्यांचा असे दोन चौकोन काढून चिकटवून ठेवले आहेत, बोट दाखवतो, विषय संपला. आता हेच तुम्ही चार्टमध्ये पाहा. संत्र्याची विक्री दुप्पट झाली असं दाखवायचं असलं की आर्टिस्ट काय करतो, पहिलं संत्रं लहान, दुसरं संत्रं उंचीला दुप्पट. पण उंची ओढली की रुंदी पण ओढली जाते, म्हणजे डोळ्याला संत्रं चौपट दिसतं, आणि जर ते गोल फुगीर, चमक मारलेलं थ्रीडी संत्रं असेल तर माणूस मनात आठपट पकडतो. व्हिएन्नामध्ये ओटो नॉयराथ म्हणून एक विद्वान होऊन गेले, १९२० च्या दशकात त्यांनी साध्या लोकांना आकडे चित्रातून समजावेत म्हणून पद्धत बसवली, पुढे आयसोटाईप नाव पडलं तिचं, तिचा नियम असा की जास्त दाखवायचं तर चित्र मोठं करू नका, तेवढंच चित्र जास्त वेळा काढा. दोन संत्री, चार संत्री, आठ संत्री. हा नियम मला कोणी वीस वर्षांपूर्वी सांगितला असता तर काउंटरवरची निम्मी भांडणं वाचली असती.

तुम्ही म्हणाल फ्लेक्सवाल्याला व्हिएन्ना कुठून आठवलं. पोट्ट्याला शाळेत आलेखांवर प्रोजेक्ट होता, पावसाळ्यात दुकान थंड असतं, लाईट गेली की प्रिंटर बंद, मग मोबाईलवर वाचत बसतो. आणि वाचताना मजा अशी वाटली की हे सगळे चार्ट काढणारे लोक आमच्याच जातकुळीतले निघाले. डंड्यांचा आणि रेषेचा आलेख ज्याने छापून आणला तो विल्यम प्लेफेअर, स्कॉटलंडचा, आधी जेम्स वॅटकडे ड्राफ्ट्समन, म्हणजे आराखडे काढणारा, होता, तोच वाफेच्या इंजिनवाला वॅट. १७८६ मध्ये त्याने व्यापाराच्या आकड्यांचं पुस्तक काढलं, त्यात रेषांचे आलेख, पण स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे हाती लागले, एका वर्षात रेष कुठून कुठे ओढणार, मग त्याने डंडे उभे केले. सामान कमी पडलं म्हणून जुगाड केला आणि तोच जुगाड अख्ख्या जगात चालला. मग १८०१ मध्ये गोल चार्ट पण त्याचाच, तुर्की साम्राज्य आशियात किती, युरोपात किती, आफ्रिकेत किती. त्या गोलाला इंग्रज पाय म्हणतात कारण त्यांच्याकडे पाय नावाचा खायचा पदार्थ आहे, फ्रान्सवाले त्यालाच चीजच्या चकतीचं नाव देतात, कामांबेर. मग आपण पोळी चार्ट का म्हणू नये. पुरणाची पोळी, चार वाटे केले, कोणाला किती आली ते दिसतं. 'वृत्तालेख' म्हटलं की आमच्या आईला कोणीतरी बातमी दिल्यासारखं वाटतं.

(पाय वरून आठवलं, वर्धा रोडवरचा आपला तो मेट्रोचा डबल डेकर पूल आहे ना, २०२२ मध्ये ज्याला गिनीजचं सर्टिफिकेट मिळालं, त्याची लांबी किती आहे माहिती आहे का, ३.१४ किलोमीटर. गणितातला पाय. पोट्ट्याने शोधून काढलं आणि त्या पुलाखालून जाताना दर वेळी सांगतो, आता आम्ही आवाज बंद करायचं ठरवलं आहे.)

प्लेफेअर राहू द्या. मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा नकाशा काढला, तो पाहून मी खरंच दुकानात गप्प बसलो. सैन्याचा एक पट्टा काढला आहे, पट्ट्याची जाडी म्हणजे माणसं, प्रमाण असं की दहा हजार माणसाला एक मिलिमीटर. निघाले तेव्हा ४ लाख २२ हजार, म्हणजे चार सेंटिमीटरच्या वर जाड पट्टा. परत आले १० हजार. एक मिलिमीटर. आमच्याकडे बोर्डाला बॉर्डर लाईन टाकतो ना, तेवढी. खाली परतीच्या वाटेवरची थंडी पण दिलेली आहे. चित्रात रक्त नाही, तलवार नाही, रॉकेट तर नाहीच. आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई, त्यांना आपण कंदीलवाली परिचारिका म्हणूनच शाळेत शिकलो, त्या बाईंनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूचा गोल चार्ट काढला, लाल रंग जखमांनी मेले त्यांचा, निळा रंग टाळता आले असते अशा रोगांनी मेले त्यांचा. निळ्याच्या पुढे लाल चिमूटभर. आणि त्यांनी क्षेत्रफळाचं भान ठेवून काढला आहे, फ्लेक्सवाल्याने पास केलेला चार्ट आहे तो.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं मरणाधरणाचं, आपलं चाललं होतं चपलेचं. तेच तर सांगून राहिलो. गमतीच्या चार्टला हसू कशामुळे येतं, विचार केला का कधी. चप्पल हरवते हे तर सगळ्यांना माहीतच आहे, त्यात हसण्यासारखं काय. हसू येतं कारण ती चप्पल सूट-बूट घालून आली. जो चार्ट बजेटच्या दिवशी अर्थमंत्र्यांच्या मागे दिसतो, शेअर बाजाराच्या बातम्यांत दिसतो, त्याच चार्टात कोणीतरी गंभीर तोंड करून आपली लग्नातली चप्पल बसवली. आमच्याकडे लग्नात एक काका असतात, तोंडावरची माशी हलू न देता विनोद सांगतात आणि सगळे लोळतात, तेच काका स्वतः हसायला लागले की विनोद पडला. टक्के एकशेदहा झाले की काका हसले. मग ते नुसतं रंगीत भेंडोळं राहतं.

इंटरनेटवर जे जुने गाजलेले आहेत ते पाहा. एक गोल चार्ट आहे, पिवळा मोठा भाग आणि एक छोटी फोड, मोठ्या भागावर लिहिलं आहे 'पॅकमॅनसारखा दिसणारा भाग' आणि फोडीवर 'न दिसणारा भाग'. पॅकमॅन म्हणजे १९८० मधला तो व्हिडिओ गेम, पिवळं तोंड टिकल्या खात सुटतं. दुसरा एक आहे, निळ्या गोलात दोन पिवळसर फोडी, नावं अशी की 'पिरॅमिडची उन्हातली बाजू', 'पिरॅमिडची सावलीतली बाजू' आणि 'आकाश'. पहिले दोन सेकंद माणूस टक्केवारी शोधतो आणि मग एकदम चित्र दिसतं. यातले कोन चुकले असते तर पिरॅमिड पडला असता. २००९ मध्ये एका अमेरिकन वेबकॉमिकवाल्याने मोठमोठ्या सिनेमांचे असे आलेख काढले की प्रत्येक पात्राची एक रेष, जी पात्रं एका ठिकाणी भेटली त्यांच्या रेषा जवळ आल्या, वेगळे झाले की फाटल्या. हे आपल्या मराठी सिरियलचं करून पाहा कोणीतरी, मेलेलं माणूस परत आलं की ती रेष कुठून जोडायची हा प्रश्न पडणार, पण करून पाहा.

त्या वाचकांनी 'पाश्चात्त्य फॅड' म्हटलं त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. साहेब, हे नागपूर आहे ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, काळी आणि पिवळी, आणि त्यासोबत बडगे निघतात. बडग्या म्हणजे काय असतं. वर्षभर लोकांना ज्याचा राग आहे, महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, कधी परदेशातला एखादा नेता, त्याचा मोठा पुतळा आणि गळ्यात पाटी, पाटीवर चार शब्द. लोक हसतात, ओरडतात 'घेऊन जा गे मारबत' आणि शेवटी जाळून टाकतात. त्या पाट्या मी स्वतः छापल्या आहेत, दोन रात्री झोप नसते. दीड-दोन फुटाच्या पाटीत वर्षाचा राग मावला पाहिजे आणि गर्दीत लांबून वाचता आला पाहिजे, हे इन्फोग्राफिक नाही तर काय आहे. पोरकटपणा म्हणायचं तर मग ते पण म्हणा, चितारओळीपासून जागनाथ बुधवारीपर्यंत तोंडावर म्हणून दाखवा.

आणि घरात. आमची आई चौथी शिकलेली. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर दुधाच्या खाड्याला फुली, बाई आली नाही त्याला टिंब आणि सिलेंडर लावला त्या तारखेला गोल. मी एकदा दुकानातून कागद आणून तिच्या गोलांचे डंडे काढले, कोणता सिलेंडर किती दिवस गेला. ४३, ४१, ४४, ३९, आणि मग एकदम २६. आईने कागद हातात घेतला, चष्मा वर केला, त्या बुटक्या डंड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'हा कुरडयाचा'. एप्रिल. गव्हाचा चीक शिजवायला मोठ्ठं गंज दिवस दिवस गॅसवर होतं, शिवाय दोन्ही नणंदा आल्या होत्या. तिला कोणी आलेख शिकवला नव्हता. क्रिकेटचं पण तसंच, टीव्हीवर ओव्हरगणिक रनांचे ते उभे डंडे दाखवतात, उंच इमारतींसारखे दिसतात म्हणून त्याला मॅनहॅटन म्हणतात, आणि दोन टीमच्या दोन वळवळत्या रेषा दाखवतात त्याला वर्म, म्हणजे गांडूळ. आई डंडे पाहूनच सांगते, सोळाव्यात मारलं, सतराव्यात बसले. गंमत म्हणून पाहता पाहता अख्ख्या देशाला चार्ट वाचता यायला लागले, कोणत्या साक्षरता वर्गात हे झालं सांगा.

आता एवढं येत असूनही आपण फसतो कुठे, तर जिथे गंमत नाही तिथे. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी आठवते का, मोबाईलवर फिरत होतं, नागपूर ५६ डिग्री. लालभडक नकाशा, थर्मामीटर फुटलेला. आमच्या गल्लीत एकाने तर स्कूटरच्या सीटवर पोळी टाकून व्हिडिओ काढला. मग हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचं सेन्सर बिघडलं होतं, तो आकडा खरा नाही. नागपूरचा उच्चांक ४७.९, तारीख २३ मे २०१३, तो दिवस मला पक्का आठवतो कारण कूलरची मोटर जळाली होती. तर ५६ मला सतरा ग्रुपवर आलं. सेन्सर बिघडल्याची बातमी एका ग्रुपवर आली, ती पण मीच टाकली होती.

म्हणून मी दुकानात गमतीचे चार्ट लावायला लागलो. एक आहे कूलरचा. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांचा, म्हणजे त्या गवताच्या पॅडचा, खप आणि लग्नाच्या बँडचा आवाज, दोन रेषा, हातात हात घालून वर चालल्या आहेत. खाली प्रश्न लिहिला आहे, 'ताट्या बदलल्याने लग्न जमते काय?' हे डोकं माझं नाही, अमेरिकेत टायलर व्हिगन नावाच्या माणसाने २०१४ मध्ये अशी वेबसाईटच काढली होती, निकोलस केज या हीरोचे वर्षाला किती सिनेमे आले आणि किती लोक पोहण्याच्या तलावात पडून बुडाले, दोन रेषा एकमेकीला चिकटून चाललेल्या. आकडे सगळे खरे, आणि अर्थ शून्य. माझ्या दुकानात एक काका पाच मिनिटं त्या ताट्यांच्या चार्टसमोर उभे राहिले, त्यांच्या पोराच्या लग्नाचं चाललं होतं, आणि मग म्हणाले, 'अरे पण दोन्ही तं उन्हाळ्यामुळंच वाढून राहिले ना बे'. ज्या माणसाला हे चपलेवर, ताट्यांवर समजलं, त्याला उद्या कोणी अमुक तेल खाल्ल्याने अमुक रोग गेला असा चार्ट दाखवला तर तो निदान एकदा डोकं खाजवेल.

आता काढायचंच आहे तर विषय नागपूरचे घ्या ही माझी विनंती. लग्नाचा चार्ट कुठेही चालला असता, पुण्यात पण. इथलं काढा. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसात सिव्हिल लाईन्समधून घरी यायला लागणारा वेळ. पाहुण्याने सावजी खाताना 'तिखट नाही वाटत' म्हटल्यापासून पाणी मागेपर्यंतचा काळ, याची रेष काढा, मधे एक सपाट भाग येतो, तिथे तो हसून राहिलेला असतो. मेट्रोचा नकाशा तर आयता आहे, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक उभी ऑरेंज लाईन, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर आडवी अॅक्वा लाईन, मधोमध सीताबर्डीला फुली. असे सरळ रेषांचे नकाशे काढायची पद्धत लंडनला १९३३ मध्ये हॅरी बेकच्या नकाशाने पडली, तो पण ड्राफ्ट्समन, आणि पहिले त्याचा नकाशा साहेबांनी परत पाठवला होता, फारच वेगळा आहे म्हणून. तर त्या फुलीवर स्टेशनांच्या जागी पोह्याचे ठेले टाका. भांडण होणार कोणाचा ठेला घेतला नाही म्हणून, पण अंक खपेल.

आणि थ्रीडी नको. हात जोडतो. गिऱ्हाईक रोज म्हणते, 'थ्रीडी मारून दे ना भाऊ', पोळी तिरपी केली की पुढची फोड आपोआप मोठी दिसते आणि मागची बारीक, मग टक्के कितीही खरे लिहा. तुमच्या चार्टात चपलेची फोड मागे गेली होती, बायकोचं म्हणणं बरोबर होतं, तिला २५ कमी वाटले कारण दिसत होतेच कमी.

एक छपाईचं. आतल्या काळ्या-पांढऱ्या पानावर चार्ट टाकाल तर केशरी आणि हिरवा रंग दोन्ही सारखेच करडे छापून येतात, आर्टिस्टला स्क्रीनवर सुंदर दिसतं, त्याची चूक नाही, पण एकदा ग्रे करून प्रूफ पाहायला सांगा. आडव्या-तिरप्या रेघा मारल्या तरी काम होतं, आमच्या लहानपणी पेपरात तसंच असायचं.

सोबत एक चार्ट जोडला आहे. विषय, 'फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक काय म्हणते'. 'अर्जंट आहे' ४०, 'फोटो थोडा गोरा कर' २५, 'यात नाव राहिलं, आता टाकता येईल का' २०, 'मागच्या वेळी तर कमी घेतले होते' १५. आकडे माझ्या मनचे आहेत, तसं खाली बारीक अक्षरात लिहिलं पण आहे. पोट्ट्याने कोनमापकाने तपासला, १४४, ९०, ७२, ५४, भरतात ३६०. छापायचा तर छापा, जागा कमी असली तर लहान पण करा, चालेल, फक्त तुमच्या ऑपरेटरला सांगा की कोपऱ्यात धरून लहान कर, बाजूने दाबू नको, पोळीचा अंडाकृती पराठा होतो.

आपला,
एक फ्लेक्सवाला, महाल, नागपूर